सेकंदरावांचे एकेचाळीस सेकंद

सेकंदरावांना धावता येत नव्हतं, सगळी भानगड तिथून सुरू झाली. शाळेत शर्यती असायच्या आणि हे अंगाने असे गोलमटोल, की सुरुवातीच्या रेषेपर्यंत चालत गेले तरी धाप लागायची. खेळाच्या सरांनी एक दिवस वैतागून त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाले, "तू नुसता वेळ घे." पोरगं पन्नाशीला आलं तरी वेळच घेतंय. दूध उतू जायला किती, शेजाऱ्याची शिंक संपायला किती, टपालवाल्याला जिना चढायला किती, सगळं यांच्याजवळ आहे. लग्न ठरवताना मुलीने होकार द्यायला सतरा सेकंद घेतले, हेसुद्धा यांनी तिला तिथल्या तिथे सांगितलं होतं. बायको अजून म्हणते, "आणखी सतरा घेतले असते तर वाचले असते."

खरं नाव होतं, पण ते आता बँकेलाच माहीत असेल. रस्त्यावरचे सगळे सेकंदराव म्हणतात.

धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. वडिलांचं दुमजली घर, खाली यांचं दुकान, वर ताईची कामाची खोली. राहायला दोघंही मागच्या गल्लीत, शेजारी शेजारी. दुकानात तीन टेबलं, त्यांच्यावर पोट उघडून पडलेले कॉम्प्युटरचे डबे, गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत आकाराप्रमाणे लावलेले स्क्रू, आणि धुळीचा असा वास की आत आल्यावर गिऱ्हाईक आधी शिंकतं आणि मग बोलतं. हात मात्र सोन्यासारखा. मेलेला मदरबोर्ड यांच्या टेबलावर दोन दिवस राहिला की उठून बसायचा. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार असलीच तर ती त्यांच्या तोंडाची. कारण सेकंदरावांचं एक मत होतं, आणि ते त्यांनी दाराबाहेर पाटीवर लिहून ठेवलं होतं: 'नवा प्रोसेसर घेण्याआधी आत या. बाहेर पडाल तेव्हा घ्यावासा वाटणार नाही.'

हे मत हवेतलं नव्हतं हो. मोजलेलं होतं! त्यांच्याकडे एक फाइल होती, तिचं नाव राक्षस. कुठल्याशा कारखान्याच्या सुट्या भागांचा कॅटलॉग, अकराशे पानं, पानापानावर फोटो आणि नकाशे, उघडताना भल्याभल्या यंत्रांना घाम फुटेल अशी. हा राक्षस एका जुन्या हार्ड डिस्कमध्ये राहायचा, आणि ती हार्ड डिस्क पत्र्याच्या साबणाच्या डबीत. डबीला भोक पाडून त्यातून तार बाहेर काढलेली. कोणतंही यंत्र दुकानात आलं, जुनं असो नवं असो, की सेकंदराव ती तार त्याला जोडायचे, राक्षसावर टिचकी मारायचे आणि शेवटचं पान दिसेपर्यंत वेळ घ्यायचे. तीच फाइल, तीच डिस्क, तीच तार, तोच अंगठा. "न्याय म्हणजे न्याय," असं म्हणून आकडा वहीत.

वहीत काय होतं? सोळा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर, त्रेचाळीस सेकंद. अकरा वर्षांपूर्वीचा, बेचाळीस. पाच वर्षांपूर्वीचा, जो घेतल्यावर लोक शेजारपाजारी सांगत सुटायचे, एकेचाळीस. आणि या वर्षीचे, ज्यांच्या खोक्यावर पेटलेला ड्रॅगन वगैरे असतो, तेही एकेचाळीस. सेकंदराव वही उघडून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. "सोळा वर्षांत जगाने काय प्रगती केली? दोन सेकंद! तेवढ्यात मी जांभईसुद्धा पुरी करत नाही."

गिऱ्हाईक म्हणायचं, "पण माझ्या मेव्हण्याचा नवा फार जोरात चालतो."

"नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी घेऊन या, मोजू."

मग ते जुन्याच डब्यात थोडी रॅम वाढवायचे, फिरत्या डिस्कच्या जागी नवी चिप असलेली डिस्क घालायचे, पंख्यातला मऊसूत धुळीचा गोळा चिमटीने काढून दाखवायचे, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं. खोटं कशाला बोला, दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत त्यांचं बरोबरच असायचं. ज्याला पत्रं टाइप करायची, बिलं काढायची आणि बायको पाहत नसताना पत्ते खेळायचे, त्याला पेटलेला ड्रॅगन काय चुलीत घालायचाय?

राहिला तो दहावा माणूस. तो वरच्या मजल्यावर बसला होता.

ताई सेकंदरावांहून चार वर्षांनी मोठी. घरांच्या आतली चित्रं काढायची. म्हणजे असं, की भिंती अजून उघड्या विटांच्या असतात तेव्हाच मालकाला दाखवायचं, ओटा इथे, कपाट तिथे, खिडकीतून ऊन असं येणार. खोली ती स्वतः आखायची, ते काम झपाझप व्हायचं. मग बटण दाबायचं, आणि पुढे प्रोसेसरने उजेडाचा एकेक किरण कुठे आपटतो आणि कुठे परततो याचा हिशेब करत चित्र ठिपक्याठिपक्याने रंगवायचं. याला ते लोक रेंडर म्हणतात. ताईच्या यंत्रात अकरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर होता, भावाने दरवर्षी उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावून जपलेला. एका साध्या चित्राला तीन तास. खोलीत काच असली, आरसा असला, चारपाच दिवे असले की उजेडाची आपटाआपट वाढायची आणि सहा तासही कमी पडायचे.

नऊ वर्षांपूर्वी तिने एकदा विचारलं होतं, "अरे, मला नवा प्रोसेसर घेऊन बघू का?" सेकंदरावांनी वही उघडली. ताईने आकडे पाहिले, मान हलवली आणि वर गेली. त्यानंतर तिने विचारलं नाही.

या सोमवारी मात्र ती सकाळी खाली आली ती कमरेवर हात ठेवूनच. नदीकाठच्या गेस्ट हाउसच्या मालकिणीचं काम आलं होतं. बारा खोल्या, खोलीमागे दोन चित्रं, एकूण चोवीस, गुरुवारी दुपारी बारापर्यंत. नाही जमलं तर काम चौकातल्या फर्निचरच्या शोरूमला.

"चोवीस त्रिक बहात्तर," सेकंदराव लगेच म्हणाले. "आज दुपारी बाराला लावलंस तर गुरुवारी बाराला बरोबर बहात्तर तास होतात. जमतंय की!"

"हो, मी झोपले नाही, जेवले नाही, यंत्र अडकलं नाही आणि एकही खुर्ची चुकली नाही तर जमतंय." ताईने ओढणीने कपाळ पुसलं. "हे बघ, मी आता सरळ सांगते. हे काम गेलं तर वरची खोली बंद. शोरूमवाल्यांनी मला विचारलंय, निळा कोट घालून गिऱ्हाइकांना कपाटं उघडून दाखवायची नोकरी आहे. होकाराचं पत्र लिहून ठेवलंय."

"तू कपाटं उघडणार? चोवीस वर्षं चित्रं काढतेस तू!"

"चित्रं काढते, पण हळू. शोरूममधली ती दोन पोरं दिवसाला दहा चित्रं देतात. मी दोन देते. गिऱ्हाईक किती दिवस थांबणार? माझाच हात हळू चालतो, त्याला कोण काय करणार?"

एवढं बोलून ती वर गेली. सेकंदरावांनी नेहमीप्रमाणे पुढचा डबा उघडला.

दुपारी दाताचे डॉक्टर आले. त्यांच्या कडेवर भलंमोठं खोकं, खोक्यावर तोच ड्रॅगन. हे यंत्र त्यांच्या जावयाने भेट दिलेलं, आणि जावई डॉक्टरांना अजिबात पटत नसे. "मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय, की याचा काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि जमलं तर लिहूनही द्या."

असं गिऱ्हाईक म्हणजे सेकंदरावांना पर्वणी. यंत्र टेबलावर आलं, साबणाची डबी जोडली, अंगठा तयार झाला. राक्षस उघडला. एकेचाळीस!

"एकेचाळीस!" डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या शिंप्याने मान वर केली. "जावयाला सांगतो आता. सोळा की किती कोअर, म्हणजे हिशेब करणारी डोकी, आहेत म्हणे यात, आणि माझ्या जुन्याला चार होते. चाराचे सोळा करून शेवटी जैसे थे!"

"हेच तर मी गळा सुकवून सांगतोय डॉक्टर. पण लोकांना शहाणपण नको, दिवे लुकलुकणारा पंखा पाहिजे."

दोघं असे हसत असताना जिना वाजला. ताई दोन दोन पायऱ्या टाकत खाली आली. केस विस्कटलेले, हातात पेन ड्राइव्ह. पहिलं चित्र पावणेतीन तास चाललं होतं, आणि संपायला आलं असताना यंत्राने मान टाकली. पडदा निळा, चित्र गायब, बहात्तर तासांतले तीन तास पाण्यात.

"हे चालू आहे ना?" तिने टेबलावरच्या यंत्राकडे बोट केलं. "यावर लाव."

"ताई, हे डॉक्टरांचं आहे. आणि काही फरक पडणार नाही, आताच मोजलंय. एकेचा..."

"तुझे एकेचाळीस ठेव बाजूला! मला निदान ते निळं तोंड बघायचं नाही. डॉक्टर, चालेल ना हो?"

"लावा, लावा," डॉक्टर म्हणाले. यंत्राची आणखी बेअब्रू होणार म्हणून त्यांनी खुर्चीसुद्धा पुढे ओढली.

सेकंदरावांनी तोंडातल्या तोंडात बडबडत ताईचं चित्रांचं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं. फाइल उघडली. ताईने बटण दाबलं. सेकंदरावांनी सवयीने अंगठा दाबला आणि चहा ठेवायला वळले, तीन तास काय उभं राहायचंय?

चहा झाला, गाळला, कपात ओतला. डॉक्टरांना कप देताना त्यांची पडद्याकडे नजर गेली. निम्मी खोली रंगून झाली होती. पलंग होता, चादर होती, खिडकीतलं ऊन जमिनीवर उतरून पलंगाच्या पायापर्यंत पोचलं होतं. यंत्राचा पंखा जोरात घोंगावत होता. ताई पुतळ्यासारखी बसली होती.

चौदा मिनिटांनी चित्र पुरं झालं.

"फसवतंय," सेकंदराव म्हणाले. "ठिपके कमी काढले असणार. सावल्या खाल्ल्या असतील. ही कंपन्यांची जुनी चलाखी."

ताईने सकाळी आपल्या यंत्रावर काढून ठेवलेला याच पलंगाचा कोपऱ्यातला तुकडा उघडला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मोठे केले. उशीची शिवण, दाराच्या कडीखालची सावली, फरशीतल्या फटी. नखाएवढासुद्धा फरक नव्हता. तिने दुसरं चित्र लावलं. सेकंदरावांनी या वेळी चहा केला नाही, स्टॉपवॉच घेऊन पडद्यासमोर उकिडवे बसले. तेरा मिनिटं पन्नास सेकंद.

आता सेकंदराव घाबरले. खरंच घाबरले. राक्षसाला एकेचाळीस आणि चित्राला चौदा मिनिटं, दोन्ही आकडे एकाच अंगठ्याने घेतलेले, मग खोटा कुठला? त्यांनी काहीतरी करायचं म्हणून राक्षस साबणाच्या डबीतून डॉक्टरांच्या यंत्रात उतरवून घ्यायला लावला. अंगठा आपोआप दाबला गेला होता. नुसती फाइल इकडून तिकडे यायला, त्यात ना उघडणं ना हिशेब, किती वेळ लागला असेल?

एकेचाळीस सेकंद.

मग त्यांनी डबी काढून बाजूला ठेवली आणि यंत्रातला राक्षस उघडला. अंगठा खाली यायच्या आत शेवटचं पान समोर होतं. दोन सेकंद असतील, नीट घेताच आलं नाही. तसेच जिना चढून गेले, ताईच्या जुन्या यंत्रावर तेच करून पाहिलं. एकोणीस सेकंद.

खाली आले आणि स्टुलावर बसले. "तार," ते म्हणाले.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"मी तार मोजत होतो डॉक्टर. सोळा वर्षं. जुनी डिस्क, जुनी तार, राक्षस त्यातून बाहेर यायलाच चाळीस सेकंद लागतात. पुढे प्रोसेसर कुठलाही असू दे, तो बिचारा ताट मांडून बसलेला. नळालाच धार बारीक, आणि मी बादल्यांची परीक्षा घेत होतो." त्यांनी वहीकडे पाहिलं. "सगळ्यांना सारखा न्याय द्यायचा म्हणून तार कधी बदलली नाही हो!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांना आता जावयाला धन्यवाद द्यावे लागणार होते.

ताई अजून पडद्यासमोरच होती. तिने मान वळवली नाही. "म्हणजे मी हळू नव्हते?" तिने विचारलं.

सेकंदरावांनी वही मिटून टेबलाच्या खणात टाकली.

"मी हळू नव्हते," ताई पुन्हा म्हणाली, या वेळी विचारलं नाही. मग ती एकदम उभी राहिली. "डॉक्टर, हे यंत्र मला गुरुवारपर्यंत हवंय."

"न्या बाई. घरी ठेवलं तर मला त्याचं तोंड दिसतं."

पुढचे तीन दिवस ताई भावाशी एक अक्षर बोलली नाही. यंत्र वर गेलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत चोवीसच्या चोवीस चित्रं होऊन तिच्यासमोर पडली होती, आणि गुरुवार अजून लांब होता. एवढा मोकळा वेळ तिला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. वाट बघत बसायचं नसल्यामुळे तिने आपलीच चित्रं पहिल्यांदा नीट पाहिली, आणि तिला ती आवडली नाहीत. सगळ्या खोल्या कोऱ्या, ठोकळेबाज. लाकूड, कापड, भिंत, एक दिवा. तिने बुधवारी सगळ्या पुन्हा उघडल्या. व्हरांड्याच्या बाजूच्या भिंती काढून तिथे उभी काच लावली, न्हाणीघरात आरसे, पलंगाशी छोटे छोटे दिवे, पाण्याच्या सुरया, आणि काचेपलीकडे नदी. चित्रामागे अर्धा तास लागला. तेवढा लागू दे म्हणाली.

सेकंदराव खाली बसून पंख्याचा आवाज ऐकत होते. दोनदा चहा घेऊन वर गेले. ताईने कप घेतला, दार लावलं.

गुरुवारी साडेअकराला गेस्ट हाउसची मालकीण आली. जाडजूड, घाईतली बाई, चपला न काढता वर गेली. पहिलं चित्र पाहिलं आणि खाली बसली. "अहो, ही काच खरंच अशी दिसेल? आतून नदी अशी दिसेल?"

"ऊन असलं की अशीच दिसेल. ढग असले की हे बघा, असं." ताईने दुसरं चित्र दाखवलं.

"मला दोन वर्षांपूर्वी कोणी तुमचं नाव सुचवलं होतं. पण म्हणाले, त्यांच्या खोल्या जरा सुक्या असतात. लोक काहीही बोलतात बाई!" मालकिणीने चित्रांचे छापील कागद काखेत मारले, पुढच्या वर्षीच्या रेस्टॉरंटचं कामही तुम्हीच करायचं म्हणाली आणि धडधडत उतरली.

सेकंदराव जिन्यात उभे होते. धीर करून वर गेले. ताई मघाच्या हसऱ्या तोंडाने बसली होती, त्यांना पाहून तिचे डोळे भरून आले.

"नऊ वर्षं," ती म्हणाली, "नऊ वर्षं मी लोकांना सांगत होते, काच नको, धूळ दिसते. आरसा नको, पुसत बसावं लागतं. दिवे कमी ठेवा, डोळ्यांना बरं असतं. काही खरं नव्हतं त्यात. सहा तास लागायचे म्हणून सांगत होते. सांगून सांगून मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. काच मला आवडायची रे!"

सेकंदरावांनी मोजायला शिकल्यापासून बहुधा पहिल्यांदाच असं झालं, की आपण तिथे किती वेळ उभे होतो हे त्यांना सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पाटी उतरवली. मग वही घेऊन बसले आणि त्यातून नावं काढली. पत्रंबित्रं टाइप करणारे सोडून दिले, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. पण ताईसारखे, ज्यांचं पोट प्रोसेसरच्या हिशेबावर चालतं, ज्यांना आपण वही दाखवून परत पाठवलं, असे कोण कोण? ताई सोडून सहा निघाले. घरोघरी जाऊन तोंडावर माफी मागायची, असं ठरवून त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि निघाले.

पहिला जाहिरातींच्या फिल्मा जोडणारा. टेबलावर त्याचा जुना डबा दिमाखात उभा होता. सेकंदरावांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून. तो आधी कावराबावरा झाला, मग हसायला लागला, आणि त्याने टेबलाखालचा पडदा बाजूला केला. आत नवं यंत्र घोंगावत होतं. "चार वर्षं झाली घेऊन. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून वरती हा ठेवलाय."

"पण तू दरवर्षी साफ करायला हाच आणतोस!"

"बघायला गेलं तर त्याच्यावर धूळ बसतेच की."

फोटोवालीकडे तर दोन नवे होते. सेकंदराव कोपऱ्यावर दिसले की ती त्या यंत्रांवर टॉवेल टाकायची. बांधकामाचा इंजिनियर म्हणाला, त्याने वही पाहिली त्याच संध्याकाळी जाऊन नवा घेतला होता, कारण वहीत काहीतरी घोटाळा आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्याने सांगितलं, तुम्ही त्या दिवशी एवढ्या प्रेमाने समजावत होतात, मध्ये बोलणं बरं दिसेना. नकाशे काढणाऱ्या जोडप्याने तर चहापाणी केलं. आणि शेवटचे गणिताचे निवृत्त मास्तर, जे दिवसरात्र कसल्याशा मोठ्या मोठ्या संख्या शोधत बसतात, ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "सोळा वर्षं सगळ्यांना सारखेच गुण मिळत असतील तर पोरं नव्हे, परीक्षा बदलायची असते. मला पहिल्या पानावरच कळलं होतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलं होतं? तुम्ही सांगत होता."

उन्हातून परत येताना सेकंदरावांना आधी हायसं वाटलं. सहापैकी कोणाचंच नुकसान नाही! मग चौकात शोरूमच्या काचेपाशी आल्यावर पाय थांबले. आत निळा कोट घातलेली कोणीतरी बाई गिऱ्हाइकाला कपाट उघडून दाखवत होती. सेकंदरावांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मग चालू लागले.

ताई वर होती. डॉक्टरांचं यंत्र परत गेलं होतं आणि ती खुर्चीवर बसून आपल्या नव्या यंत्राचे भाग कागदावर लिहीत होती, कोणालाही न विचारता.

"गेला होतास कुठे?" तिने विचारलं.

"सहा जणांकडे. माफी मागायला."

"मग? किती शिव्या दिल्या?"

"कोणी नाही दिल्या." सेकंदराव दारातच उभे राहिले. "त्यांनी सगळ्यांनी कधीच नवे घेतलेत, ताई. लपवून ठेवलेत. माझं कोणीच ऐकलं नव्हतं. सोळा वर्षं मी एवढा ओरडत होतो आणि या अख्ख्या रस्त्यात..."

ताईचं लिहिणं थांबलं होतं.

"मी एकटीने ऐकलं," ती म्हणाली.

"मला माफ कर."

"करेन कधीतरी. आज नाही. आज मला फार राग आलाय, आणि तो बरेच दिवस राहणार आहे, तेव्हा चहाबिहा घेऊन वर येत जाऊ नकोस." तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. डोळे पुसले. "आणि खरा राग कशाचा येतो माहितीये? उद्या तू पुन्हा काहीतरी मोजून माझ्यासमोर वही धरलीस ना, तर मी पुन्हा ऐकेन."